एकतारी

ताज्या रक्ताला एकतारी पाक.
जुन्याला दोनतारी. जखमेच्या कडेला वाळलेलं हवं असेल
तर गोळीबंद होऊ द्यायचा, मग कलथ्याने खरवडायचा.
हे आईचं शास्त्र. सिनेमाच्या शेवटी नावं येतात त्यात
रक्त : श्रीमती कुमुदिनी मुंगी
असं आलंय, रक्तातला र पहिला नि दीर्घ वाटावा इतका थरथरत.

एकूण खर्च चार हजार सातशे.
त्यातले अकराशे पोहे-जिलबीवर गेले,
कारण परदेशीपुऱ्याहून येणारा खुनी
उपाशीपोटी कुऱ्हाड उचलत नाही.
कुऱ्हाड थर्मोकोलची. खुनी म्हणजे बोरगावकर सर,
गणिताचे, निवृत्त.
त्यांनी नापास केलेले सगळे
मिलच्या पडक्या भिंतीपाशी रांगेत उभे होते,
मरायला, फुकट.

मेंदू : भुट्ट्याचा कीस, बिटाच्या पाण्यात.
आतडी : सायकलची जुनी ट्यूब, तेल चोपडून.
डोळा : लिची. महाग पडली म्हणून एकच फुटतो,
दुसऱ्यावर पट्टी.

लोक विचारतात, असलं घाणेरडं काय बघता रे.
काय सांगू.
मोठ्या पडद्यावर माणूस इतका व्यवस्थित मरतो
की तो कुणाचाच वाटत नाही.
आमच्याकडे मान तुटते तेव्हा
कॉलरमागून पिचकारी दाबणारा अंगठा दिसतो,
नेलपॉलिश अर्धं उडालेला.
लीना भागवत नव्हे, लीना खासगीवाले, बँकेत कॅशियर,
तिचा रविवारचा अंगठा.
भीती नाही वाटत, खोटं का बोला.
पण तो दिसला की मी खुर्चीत पुढे सरकतो :
कुणीतरी सतरंजीखाली वाकून,
गुडघे भरून आलेले असताना,
माझ्यासाठी एवढं करतंय.

आई पहिल्या दिवशी नुसती चहा द्यायला आली होती.
बादलीत डोकावली. म्हणाली,
"फार लाल आहे रे. असं नसतं."
आम्ही गप्प.

बाबांना बायपासवर ट्रकने उडवलं तेव्हा
मी सात वर्षांचा. मला देवासला मावशीकडे ठेवलेलं.
ती गेली होती तिथे.
तेवीस वर्षांत त्या दिवसाबद्दल
तिने सांगितलेली ही पहिली गोष्ट.
रंग.
मग कॉफी मागितली, दोन चमचे,
आणि ढवळत बसली. चिमटीत थेंब घेऊन
बोटं मिटायची, उघडायची,
उजेडाकडे धरून बघायची तार येते का.

गच्चीवर चादर बांधून दाखवला.
छत्तीस माणसं, एक कुत्रं,
खालच्या मजल्यावरचे जैन काका जिन्यातूनच.
बत्तिसाव्या मिनिटाला
पोट फाडलेला चौरसिया निवांत श्वास घेतो.
पोट वर, पोट खाली.
ट्यूबही त्याच्याबरोबर वर, खाली.
"अरे भिया, मुर्दा सांस ले रिया है!"
सगळी गच्ची हसून लोळली.
हेरंब ओशाळला, म्हणाला, कापतो हा शॉट, उद्याच कापतो.

"राहू दे की," आई म्हणाली.
मोठ्याने नाही म्हणाली.
पण त्यानंतर प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज
बराच वेळ ऐकू आला.

शूटिंगच्या दिवशी चौरसियाला मुंग्या लागल्या होत्या,
शेवटी पाकच तो.
बेंबीपर्यंत चढल्या तरी हलला नाही बिचारा,
श्वास तेवढा आवरता आला नाही.

पुढच्या भागात जळालेला माणूस हवाय.
ती म्हणते, साखर करपवून बघू,
जमलं नाही तर काळा गूळ.
खिडक्या मात्र उघड्या ठेवा,
धूर फार होतो.